सुमनची बाटली

बंगळूर, गुरुवार, १२ जानेवारी १९६१

बाजारात औषधं परवडत नाहीत म्हणून सरकारी दवाखान्यात खोकल्याचं मिक्श्चर स्वस्तात देऊ लागलेत. बाटली मात्र आपली न्यायची. घरात रिकामी एकच निघाली, सुमनच्या माक्याच्या तेलाची. बायको जाऊन वर्ष होत आलं, बाटली कपाटातच होती.

कंपाउंडरनं बूच काढून हुंगलं आणि कानडीत म्हणाला, "अण्णा, तेलाचा वास येतोय. धुऊन आणा, लगेच भरून देतो."

नळ समोरच. दोन मिनिटांचं काम! आणि मी? बूच घट्ट लावून घरी आलो. शुद्ध मूर्खपणा. संध्याकाळपासून खोकतोय, बाटली समोर ठेवून.

सुमन असती तर चिडून तिनंच ती खसाखसा धुऊन दिली असती.