देवरीच्या सांडाचे कान

आमगावजवळून, शुक्रवार, जेवणानंतर

देवरीनिवासी हेमेंद्र साडूभाऊ यांच्या सेवेशी (सेवा हा शब्द केवळ रीत म्हणून) धाकटा साडू चंद्रकुमार याचा नमस्कार. आकडसासूबाई सुलोचनाबाईंना दंडवत. आपला गुडघा कसा आहे, त्यांची शुगर कशी आहे, गोठ्यातल्या आठ गीर गाई कशा आहेत, हे सगळं मी विचारलं असं समजावं आणि उत्तर देऊ नये. गाईंच्या बाबतीत तर अजिबात देऊ नये. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. नाही आहे.

आधी कॅलेंडरचं बोलतो. नव्या वर्षाला आपण आपल्या सांडाचा फोटो छापून जे कॅलेंडर पाठवलं, त्यात सांड एवढा मोठा झाला आहे की त्याचं वशिंड तारखांच्या रकान्यात घुसलं आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या चार तारखा माझ्या घरात यंदापासून बंद पडल्या. त्या वशिंडाखाली या महिन्याची चतुर्थी गाडली गेली आणि मी सकाळी सकाळी दोन बशा तर्रीपोहा खाऊन बसलो. मग शेजारच्या घरी उपासाची भगर शिजताना आपल्या मेहुणीने, दुर्गेश्वरीने पाहिली आणि घरी येऊन मला जे ऐकवलं ते खरं म्हणजे आपल्या सांडाने ऐकायला पाहिजे होतं. देवाने त्याला कान तेवढे दिले आहेत. माझा मोडलेला उपास कोणाच्या खात्यावर टाकायचा ते आपण आणि गणपती मिळून ठरवा.

पत्र लिहितो आहे कारण नात्यातल्या व्हॉट्सॲप गटातून मी परवा बाहेर पडलो. (आपल्या लक्षात आलं नसेल. आपण त्या वेळी गाईच्या वशिंडावर हात फिरवल्याने रक्तदाब कसा उतरतो याचा व्हिडिओ टाकत होता. तो पाहून माझा चढला.) हे पत्र उद्या सकाळच्या देवरी बसच्या कंडक्टरच्या हाती देणार आहे. तो भला माणूस आहे, त्याच्याकडे म्हैस आहे.

साडूभाऊ, पाच वर्षं मी आपलं गीरपुराण ऐकत आलो. गीरचं दूध पिवळं, गीरची शिंगं मागे, गीरचं शेण सुद्धा घरंदाज. मी विचार करत होतो की माणूस एखाद्या जातीच्या जनावरावर एवढा कशाने भाळतो. आता मला कळलं आहे. आधी तो पैसे देऊन गाय आणतो, मग गावातला पहिला माणूस विचारतो की एवढ्याची काऊन आणली, आणि त्या क्षणापासून तो बिचारा जन्मभर उत्तर देत सुटतो. लोक त्याला जातिवंत पशुपालक म्हणतात. गाय बापडी दावणीला उभी राहून रवंथ करत असते. तिला कोणी सांगितलेलं नसतं की ती गीर आहे.

हे मी आपल्याला शिव्या देण्यासाठी लिहिलं होतं. पण लिहून झाल्यावर वाचलं तर त्यात थोडासा मीही दिसलो, म्हणून स्वतःचंही सांगून टाकतो. मी कठाणीवाला. आपल्या धानपट्ट्यातलं हे बुटकं, काटक ढोर. चिखलणीला गुडघाभर गाळात चालतं, खूर अडकत नाही, धानाची तणस खाऊन राहतं, दवाखाना मागत नाही. दूध दीड लिटर देतं आणि त्याचा गवगवा करत नाही (तो मी करतो). खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वीपर्यंत मी कठाणीला नुसतं ढोर म्हणत होतो. मग गावात कठाणी संवर्धन गट निघाला आणि मला अध्यक्ष केलं. त्या संध्याकाळी घरी आलो तर गोठ्यातली तीच तीन ढोरं मला एकदम रेखीव दिसायला लागली.

आता मूळ दुखण्याकडे येतो, आणि तिथे आपला सांड उभा आहे. सरत्या दिवाळीच्या मागची, तिच्याही मागची दिवाळी आठवा. लोक भेटीला येताना मिठाईचा डबा आणतात. आपण पिकअपमध्ये सांड घालून आणला. गावाला दर्शन घडावं म्हणून तीन दिवस तो माझ्या अंगणात बांधला, माझ्या बैलांची तीन दिवसांची तणस त्याने नाश्त्याला खाल्ली, आणि तिसऱ्या दिवशी बोडीवर पाणी पाजायला नेला तर काठच्या गाळात पोटापर्यंत रुतला. आठ माणसांनी दोर ओढला, हलला नाही. शेवटी माझी कठाणी जोडी जुंपली आणि दोन बुटक्या बैलांनी आपला तो पहाड ओढून काठावर आणला. त्या दिवसासारखा दिवस माझ्या आयुष्यात नाही, साडूभाऊ. लग्नाचा धरून सांगतो. मी तिथेच बांधावर उभा राहून गावाला भाषण दिलं. चहा मागवला. आपण मान खाली घालून बशीत चहा ओतत होता, तो देखावा मी गेली दोन वर्षं रोज झोपण्यापूर्वी आठवत आलो.

त्याच्या दुसऱ्या वर्षी, ऐन श्रावणात, माझी गाय व्याली. तेजा झाला. असा गोऱ्हा पंचक्रोशीत नाही. दीड वर्षात आपल्या आईपेक्षा हातभर उंच. कान जरा लांब. मी म्हटलं, आज्ञाधारक आहे. कपाळ पुढे आलेलं. मी म्हटलं, बुद्धी. दुर्गेश्वरी मात्र एकदा त्याला पाणी दाखवताना म्हणाली, "तुमचा गोऱ्हा असे कान काऊन लांबवून राहिला?" मी तिला सांगितलं की शुद्ध कठाणी आता कोणी पाहिलेलीच नाही म्हणून तुम्हा लोकांना ओळखू येत नाही. गावातल्या श्यामलालचा जुना करिया सांड, गाय गाभण राहिली त्याच हिवाळ्यात मेला होता, तेव्हा तेजा म्हणजे करियाचं शेवटचं बीज, हे मी गटाच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मग ठराव केला. मसुदा माझाच. गावात एकच शुद्ध सांड राहील, तो तेजा. बाकी सगळे गोऱ्हे येत्या सोमवारी डॉक्टरांकडून खच्ची होतील. आणि अशुद्ध निघेल त्याच्या मालकाने स्वतःच्या हाताने दावं धरून जनावर पुढे आणावं. हे शेवटचं वाक्य मी श्यामलालसाठी घातलं होतं. त्याच्याकडे करियाचाच एक दुसरा गोऱ्हा आहे, तांबडा, खुरटा, एक शिंग तोकडं. मी त्या गोऱ्ह्याला भर सभेत बकरी म्हणालो आहे. दोनदा.

बुधवारी डॉक्टरबाई जनावरं मोजून जात ठरवायला फीत घेऊन आल्या. आमच्या आखरावर, जिथे सकाळी सारी ढोरं जमतात, तिथे गाव गोळा झालं. मी तेजाच्या शिंगांना तेल लावून नेलं होतं. बाईंनी उंची मोजली आणि वहीकडे पाहिलं. कान मोजले आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं की याचा बाप कोण, आणि मी करियाचं नाव सांगणार तोच मागून आमचा गायकी बिसराम बोलला. चाळीस वर्षं हा माणूस गावाची ढोरं चारतो. कोणती गाय कधी माजावर आली, कोणाकडे गेली, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नसतं, आणि गटाच्या स्थापनेपासून आजवर त्याला कोणी एक प्रश्न विचारलेला नाही. तो काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला, "हा त् देवरीच्या साडूच्या सांडाचा होय जी."

झालं होतं असं. बोडीतून निघालेला आपला सांड धुऊन काढला, आणि अंग वाळायला म्हणून बिसरामच्या हवाली करून आखरावर सोडला. तासभर. त्या तासात कठाणीचं श्रेष्ठत्व या विषयावर मी बांधावर बोलत होतो. माझी गाय आखरावर होती. तिने भाषण ऐकलं नसावं.

मी बिसरामला विचारलं की दोन वर्षं तू बोलला काऊन नाही. तर म्हणतो, "तुम्ही भाषण करून राहिले होते जी. मंधात कायले बोलू?" मी म्हटलं, नंतर बोलायचं होतं. तो म्हणाला, "नंतर बी तुम्हीच बोलून राहिले." गाव हसलं. श्यामलाल हसला नाही, हे त्याने मुद्दाम केलं. डॉक्टरबाईंनी वहीत तेजापुढे संकर असं लिहिलं आणि सांगितलं की करियाचा खरा वंश तो तांबडाच, तो उरला तर कठाणी उरेल. पण गटाच्या अध्यक्षाने लेखी दिल्याशिवाय ठराव बदलणार नाही, आणि सोमवारी खच्चीचा चिमटा ठरावाप्रमाणे चालेल. म्हणजे माझ्या सहीशिवाय या गावातली कठाणी सोमवारी दुपारपर्यंत संपते, आणि सहीसाठी मला बकरीला सांड म्हणावं लागतं. तेही श्यामलालसमोर.

मला याचा भयंकर राग आलेला आहे. आपला आलेला आहे, कारण आपण सांड आणला. बैलांचा आलेला आहे, कारण त्यांनी तो बाहेर काढला. त्या दिवशी आपला सांड गाळातच राहिला असता तर आज कठाणीचं भलं झालं असतं, हा विचार माझ्या मनात तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा मी तो राहू दिला. परवापासून मी तेजाकडे पाहिलेलं नाही. तो पाहतो. हाक मारण्याआधीच उठून उभा राहतो, मेला, आज्ञाधारक.

असो. सुलोचनाबाईंच्या शुगरला जपावं. आपण आपल्या तोंडाला जपावं. लोभ असावा की नसावा ते आपण ठरवा.

आपला साडू, नाइलाजाने,
चंद्रकुमार

ता. क. (शुक्रवार, तिसरा प्रहर) वर एवढं लिहिण्याचं कारण एवढंच की रविवारी आपली पिकअप पाठवावी. तेजाला घेऊन जावं. माझ्या ठरावाप्रमाणे सोमवारी पहिलं दावं मला धरावं लागेल, आणि ते माझ्या हाताने व्हायचं नाही. शेवटी आपल्याच सांडाचा लेक आहे. आपल्याकडे शुद्ध गीर म्हणून खपेल, कानांची हमी मी घेतो. आईच्या बाजूचं कोणी विचारलं तर मोघम बोलावं. ते आपल्याला जमतं. गाडी मागच्या पांदणीने आणावी. आणि त्याला दुपारी ओल्या जागी बांधू नका. आपली जनावरं चिखलात काय करतात ते आपण दोघांनी पाहिलं आहे, पण हा निघतो. आईवर गेला आहे.

ता. क. दुसरा (शनिवार सकाळ, बस यायची आहे) पांदणीने नको. समोरच्या रस्त्याने आणा. काल संध्याकाळी श्यामलालकडे जाऊन सही करून दिली. मी त्याच्या ओट्यावर बसून "तांबडा, शुद्ध कठाणी, गावाचा सांड" असं लिहीत होतो, तेव्हा तो पाण्याचा गिलास घेऊन समोर उभा होता. म्हणाला, "अध्यक्ष, शिंगाचं बी लिवा ना. एक तोकडं हाये म्हणून." लिहिलं. गोऱ्हा दिसायला आजही भिकारच आहे. पण त्याच्या दारासमोरच्या गाळातून तो माझ्या डोळ्यादेखत चार पावलांत पार झाला, आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

येताना बिसरामच्या घरावरून आलो. गाय व्याली की गायक्याला पायलीभर धान द्यायची आपल्याकडे रीत आहे. तेजाच्या वेळी मी दिलं नव्हतं. गाय माझी, सांड करियाचा, गायक्याचा काय संबंध, असं बोलून त्याला परत पाठवलं होतं. काल घरून पायली आणि धानाची थैली घेऊनच निघालो होतो. त्याच्या ओसरीवर मापलं. काठापर्यंत भरल्यावर त्याने हाताने वर सारखं करायला घेतलं, तर त्याचा हात बाजूला करून मी शीग लावून ओतलं. तो काही बोलला नाही. मीही, साडूभाऊ, पहिल्यांदाच.