माथ्यावरची ओळ

रुद्रेशअण्णा,

हुपरीत आपले अप्पा घडवलेल्या प्रत्येक पैंजणाच्या कडीजवळ आपली छाप मारतात. तीच सवय तू कोडमध्ये नेलीस. कारागिरांसाठी नक्षीचं सॉफ्टवेअर केलंस, सगळ्यांना फुकट दिलंस आणि प्रत्येक फाइलच्या माथ्यावर लिहिलंस, "हे रुद्राप्पांच्या रुद्रेशनं केलं. खुशाल वापरा, ही ओळ तेवढी ठेवा."

आता कोल्हापुरातली ती कंपनी तेच आपलं म्हणून विकते. ओळ त्यांनीच पुसली म्हणून तू कोर्टात गेलास. उद्या तुझ्या बाजूनं माझी साक्ष हाय.

हे पत्र तुझ्या हातात पडणार न्हाय, म्हणून लिहिते. चार वर्षांपूर्वी मी त्या कंपनीत नोकरी मागायला गेलते. तुझं काम माझं म्हणून दाखवलं. त्याआधी एकेक फाइल उघडून ती ओळ मीच काढली. नोकरी मिळाली न्हाय, कोड तेवढा त्यांच्याकडं राहिला.

काल जेवताना अप्पा म्हणाले, "घरची छाप घरातलं माणूस पुसत न्हाय की. बाहेरच्याचंच काम हे."

तू माझ्याकडं बघितलंस. मी "व्हय" म्हटलं आणि तुला आणखी एक भाकरी वाढली.

तुझी साक्षीदार,
रक्षिता