मर्लताईची मोटर आणि शनीचं कडं

ब्रोकन हिल, रविवार दुपार

प्रिय मर्लताई,

धाकट्या भावाचा कमरेत वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो असतो, पण परत सरळ करायला डोरीनला हाक मारावी लागली असती.) तुझा दमा कसा आहे? लेन दाजींचा नवा गुडघा आता त्यांचं ऐकू लागला का? आम्ही खुशाल आहोत. कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या आहेत आणि तुझी भावजय डोरीन माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे.

आधी आभार मानतो. दुर्बिणीसाठी तू पाठवलेली मोटर पोचून पाच आठवडे झाले. पत्राला इतका उशीर झाला, कारण त्यातले चार आठवडे मी तुझ्यावर रागावलेला होतो. आता तूच सांग. दुर्बिणीत चित्र स्वच्छ दिसावं म्हणून बाजूची बारीक चकती फिरवावी लागते. ते काम माणसाच्या बोटांचं. ज्या माणसाने एकतीस वर्षं खाणीत माणसांचा पिंजरा खाली-वर करणारं यंत्र चालवलं, अर्धा मैल खोल उतरवून पिंजरा बोटभर इकडे-तिकडे न होता थांबवला, त्याला त्याची सख्खी बहीण चकती फिरवायला यंत्र धाडते! मी खोका शेडमध्ये कोंबड्यांच्या दाण्यामागे सरकवून दिला. चकतीला हात लावला की शनी तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा नाचायचा, हे खरं. पण दोष तिवईचा आहे असं मी ठरवलं होतं, आणि ते सिद्ध करायला तिवईचे तिन्ही पाय सिमेंट ओतून जमिनीत पक्के केले. (जागा मोकळी आणि सोयीची होती. डोरीनच्या मते तो गुलाबांचा वाफा होता.) सिमेंट दगडासारखं घट्ट झालं, शनी नाचायचा थांबेना, आणि डोरीनचं बोलणं बंद झालं ते नऊ दिवस.

दहाव्या दिवशी तिने इव्हो पेट्रिचला बोलावलं. आपल्या मागच्या गल्लीतला इव्हो तुला आठवत असेल. रोज सकाळी माझ्या पिंजऱ्यातून खाली जायचा. निवृत्तीनंतर गावातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतो, त्यामुळे वंगण घातलं की जगातलं काहीही चालतं अशी त्याची श्रद्धा आहे. मी दुर्बिणीच्या आरशाला वंगण लागत नाही हे सांगण्यात गुंतलो, तेवढ्यात त्याने दाण्यामागचा खोका काढून उघडलासुद्धा. मग मीही बसलो. मोटर बसवायची तर एका बाजूची चकती काढायची, तिच्या दांड्यावर मोटरची नळी चढवायची आणि बिनडोक्याच्या एका इवल्याशा स्क्रूने ती आवळायची. (बिनडोक्याचा स्क्रू ही खरीच वस्तू आहे. त्याच्याशी आम्हा दोघांचं लगेच जुळायला हवं होतं.) मोटर धरायच्या पट्टीची भोकं जुळेनात म्हणून इव्होने ती तासभर कानशीने घासली. ती जुळली, आणि मी तो स्क्रू दुर्बिणीच्या नळकांड्यात पाडला. खाली आरसा! दोघा म्हाताऱ्यांनी नळकांडं तिवईवरून सोडवलं, दारू जास्त झालेल्या पाहुण्याला बाहेर काढावं तसं वाफ्याबाहेर आणलं, आणि हळूहळू उलटं केलं. आरशाला ओरखडासुद्धा न पाडता स्क्रू गवतात पडला, चकाकला, आणि तांबड्या कोंबडीने तो गिळला. ती बरी आहे. स्क्रूची आम्ही वाट पाहिली नाही. इव्होच्या घरच्या बिस्किटांच्या तिसऱ्या डब्यात तसाच दुसरा मिळाला.

आता ताई, हे तुलाच लिहितो. त्या स्क्रूच्या भोकात किल्ली घालायची होती. चारदा प्रयत्न केला, चारही वेळा ती बाजूलाच टेकली. ऊन डोळ्यांवर येतंय, असं मी म्हणालो. ऊन माझ्या पाठीवर होतं. इव्होने बिस्किटांचा डबा बाजूला ठेवला. मग हात पुढे करून म्हणाला, "क्लॅरी, सव्वीस वर्षं माझा जीव रोज तुझ्या हातात होता. मी कधी विचारलं का, नीट धरलायस ना म्हणून? आता एक स्क्रू माझ्या हातात दे."

मी किल्ली दिली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं लिहिणार होतो. पण मोटर उलटी फिरली. आत जायचं बटण दाबलं तर नळी बाहेर येत राहिली, आणि भिंग सुटून डोरीन आमच्यासाठी आणत होती त्या चीज-गाजराच्या कोशिंबिरीत पडलं. (नऊ दिवसांनंतर ती मला पहिलं वाक्य बोलली ते त्या वेळी. ते लिहीत नाही.) इव्होने बटणांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि विषय मिटवला. मग दुर्बीण दूरच्या खाणीच्या मनोऱ्याकडे वळवली, बटण दाबलं, आणि मनोऱ्याच्या टोकावर बसलेला गुलाबी काकाकुवा चोच पुसताना दिसला. काही हललं नाही.

दिवेलागणीला शनी वर आला. मी डोरीनला बोलावलं, बटणांची डबी तिच्याच हातात दिली आणि बाजूला झालो. बराच वेळ ती डोळा लावून उभी होती. मग म्हणाली, "अगं बाई, याला खरंच कडं आहे की."

"दोन वर्षं तर दाखवतोय तुला," मी म्हणालो.

"दोन वर्षं मला हलणारा बटाटा दिसतोय, क्लॅरी. तू एवढ्या हौसेने दाखवायचास, म्हणून छान म्हणत होते."

ताई, तिचं जेवण गार झालं तरी ती तिथून हलली नाही. तुझे आभार कसे मानू ते कळत नाही, म्हणून इतकं लांबलं.

तुझा,
क्लॅरी

ता. क. तिवईचा दोष नव्हता. नाताळच्या पत्रातलं माझं अक्षर पाहून तुला हे तेव्हाच कळलं असणार. हात थरथरतो, दोन वर्षं झाली. तुमच्या ॲडलेडच्या डॉक्टरांनी चौदा तारखेला, गुरुवारी बोलावलं आहे. इव्हो गाडीने आणून सोडेल. दोन रात्री तुझ्याकडे राहू का? आणि आत जाताना तू बरोबर येशील का? डोरीनला अजून सांगितलेलं नाही. ती घाबरेल.

दुसरा ता. क. पाकीट मागायला गेलो तेव्हा डोरीनने पत्र वाचलं. डॉक्टरांची वेळ तिनेच इव्होला सांगून मला घ्यायला लावली होती म्हणे. तुझ्याशी तिचं सोमवारीच फोनवर बोलणं झालं, तू पलंगसुद्धा घालून ठेवला आहेस, आणि ती स्वतःही येणार आहे. मग मला चार पानं का लिहू दिलीत? असो. लिहून झालंच आहे, तर टपालात टाकतो. आणि ताई, पलंग मोठा घाल.