सरकारने परत धाडलेली मुलगी

देवबाग, ९ ऑक्टोबर १९६६

आले एकदाची! कऱ्हाडहून कोल्हापूर, कोल्हापूरहून मालवण, तिथून तारकर्लीपर्यंत बैलगाडी आणि शेवटी होडी. एस.टी.ने हाडं खिळखिळी केली होती, पण होडीत बसले आणि सगळा शीण उतरला. वाटभर पाण्यात हात घालून बसले होते. होडीवाला लवू तांडेल हसत म्हणाला, देशावरची माणसं पाणी बघून अशीच वेडी होतात.

देवबाग म्हणजे वाळूची एक लांब जीभ आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माड आणि माडांत घरं. टोकाला खाडी समुद्राला मिळते, त्या जागेला संगम म्हणतात. दवाखाना नाही, बाजार नाही. आजपासून मी आहे: अजून सौभाग्यवती नसलेली, वय वर्षं एकवीस, परिचारिका कुमारी विमला जाधव!

उपकेंद्र म्हणजे भिकाजी कुबल यांच्या घरातल्या दोन खोल्या, सरकारने भाड्याने घेतलेल्या. पुढच्या खोलीत टेबल आणि औषधांचं कपाट, मागच्या खोलीत माझी खाट. घरात दोघंच. भिकाजीकाका मासेमारी करतात, फार कमी बोलतात. नर्मदाकाकी चाळिशीच्या असतील, पण केस सगळे पांढरे. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्यासाठी वेगळी कुळथाची पिठी केली आणि मी जेवत असताना समोर बसून राहिल्या. माझ्या जेवणाकडे इतकं लक्ष आजवर कुणी दिलं नव्हतं. मामींच्या घरी पाच मुली आणि सहावी मी. ताटात काय पडलं हे बघायला कुणाला सवड होती?

१६ ऑक्टोबर

कामाला सुरुवात झाली. सकाळी पिशवी घेऊन निघते आणि वाडीवाडीने फिरते. बायका आधी दार लोटून घेतात, मग फटीतून बघतात, मग पाणी देतात. मूल राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात त्या लूपचं एवढ्यात कुणाकडे नाव काढायचं नाही असं मी ठरवलं आहे. आधी पोरांचे कान, नायटे, खोकला बघायचा. माणूस ओळखीचं झालं की मग बोलणं सोपं जातं.

मला हे काम नुसतं पोटासाठी नको आहे. माझी आई सातव्या बाळंतपणात गेली. मी नऊ वर्षांची होते, चुलीशी बसून पाणी तापवत होते. ते पाणी कुणी मागितलंच नाही. त्या वेळी कुणी पिशवी घेऊन आमच्या दारात आलं असतं तर?

आज रुक्मिणी भेटली. वय बत्तीस, पदरी आठ मुलं. तिने स्वतःहून विचारलं, ते बसवताना दुखतं का? मी नाही म्हटलं, थोडीशी कळ येते इतकंच. ती हसली आणि म्हणाली, आठ काढली, आता कळेला काय भ्यायचं.

मालवणी अजून नीट समजत नाही. मुलीला इथे चेडू म्हणतात, आईला आवस, बापाला बापूस. काकी मला ‘बाये’ म्हणतात.

२८ ऑक्टोबर

संध्याकाळी काम संपलं की करायला काही नसतं. बोलायला कुणी नाही. समुद्र मात्र सारखा बोलत असतो. मामांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. त्यांचं एक ओझं उतरलं, तेव्हा नसेल येत उत्तर.

काकी आहेत म्हणून निभतं. रोज दुपारी त्या मला पायरीवर बसवून डोक्याला खोबरेल घालतात, वेणी घालतात आणि अबोलीचा वळेसर माळतात. नऊ वर्षांची असल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. आज डोळे भरून आले, तर त्यांनी पदराने पुसले.

वळेसर घालून विहिरीवर गेले तेव्हा बायका माझ्या वेणीकडे बघत राहिल्या. एकीने घागर अर्धीच भरली आणि निघून गेली.

४ नोव्हेंबर

रुक्मिणीला आज लूप बसवला. गावातली पहिली! जाताना ती दारात थांबली आणि मला म्हणाली, दुसरीकडे खोली बघ. कारण विचारलं तर आधी सांगेना, मग घरात भिकाजीकाका-काकी नाहीत याची खात्री करून सगळं सांगितलं.

काकींना दोन मुलं होती. मोठी सुगंधा आणि धाकटा बाळा. बाळाच्या वेळी काकी मरता मरता वाचल्या, म्हणून सहा वर्षांपूर्वी मालवणला कुटुंबनियोजनाचं शिबिर भरलं तेव्हा भिकाजीकाकांनी स्वतः जाऊन ऑपरेशन करून घेतलं. गावातले पहिले. इतर पुरुषांना त्यांचं उदाहरण द्यायचे. दोन वर्षांनी मुलं पलीकडे भोगव्याला मावशीकडे गेली होती. येताना संगमावर होडी उलटली. सुगंधा पंधरा वर्षांची, बाळा आठ. दोघंही सापडली नाहीत. त्यानंतर ऑपरेशनचं नाव गावात कुणी काढेना. लोक भिकाजीकाकांना तोंडावर बोलले.  काकी किती दिवस नुसत्या खाडीवर जाऊन बसायच्या.

रुक्मिणी म्हणाली, “ऑपरेशनान पोरां मारूक नाय, पाण्यान मारल्यान. पण तां नर्मदेक कोण सांगतलो?”

मी दिवसभर सुन्न आहे. माझी खाट आहे ती खोली सुगंधाची. खोली मात्र बदलणार नाही. त्या बाईला सोडून मी कशी जाऊ?

१२ नोव्हेंबर

दिवाळीची पहिली आंघोळ. पहाटे काकींनी उठवलं, अंगाला तेल-उटणं लावलं, पायाखाली कारीट फोडायला दिलं. मग गोडे पोहे. नेसायला त्यांनी एक जांभळं लुगडं काढून ठेवलं होतं, कधी न मोडलेली घडी. मला माहीत होतं ते कुणासाठी घेऊन ठेवलेलं असणार. तरी नेसले. सणाच्या दिवशी नाही म्हणवेना.

नेसून बाहेर आले तर भिकाजीकाका पोहे खाता खाता थांबले. ताट तसंच ठेवून होडीकडे गेले.

काकींनी माझी दृष्ट काढली. “सरकारान माझो पाळणो बंद केल्यान,” त्या अगदी समाधानाने म्हणाल्या, “आता सरकारानच माझा चेडू परत धाडल्यान.”

मी हसून म्हटलं, काकी, मी विमला. त्याही हसल्या. लहान मूल काहीतरी बोलतं तेव्हा आपण हसतो तशा.

१७ नोव्हेंबर

आज स्वयंपाकघरात काकींनी मीठ मागितलं. मी वरच्या फळीवर, मागे, डाव्या हाताच्या बरणीतून काढून दिलं. मग लक्षात आलं, मला ती जागा कुणी दाखवली नव्हती. मीठ नेहमी चुलीजवळच्या वाडग्यात असतं. काकी म्हणाल्या, वाडगा आता आता ठेवलाय, पूर्वी मीठ तिथेच असायचं.

कधीतरी पाहिलं असेल. घरात वावरताना दिसतंच.

दुपारी बांगडा खाल्ला. काकींनी घास भरवला आणि मी खाल्ला. काटे आपोआप जिभेने बाजूला केले. मला शिसारी यायला हवी होती. आली नाही. आणखी मागून घेतला.

२० नोव्हेंबर

भिकाजीकाका स्वतःहून बोलायला आले. माड शिंपताना, माझ्याकडे न बघता. नर्मदेला माणसं ओळखू येतात, ती वेडी नाही, पण तिने जे धरलंय ते आता सुटणार नाही, असं म्हणाले. मग बादली खाली ठेवली.

“विमलाबाय, तू हयसून बदली मागून घे. नर्मदेक मी सांभाळीन. तुका सांभाळूक माका जमाचा नाय.”

या घरात माझं नाव घेणारे ते एकटेच आहेत. मी उद्याच मालवणला जाऊन आमच्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना भेटते असं कबूल केलं.

२१ नोव्हेंबर

गेले नाही.

होडीत पाय टाकवेना. लवू हात देत होता, पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. पण होडी जराशी डुलली आणि माझ्या तोंडात खारट पाणी आलं, नाकात, छातीत. मी कोरडी उभी होते आणि मला श्वास येत नव्हता. लवू घाबरला. मी ‘बाळा, बाळा’ ओरडले असं तो म्हणतो.

मग चालत निघाले. तारकर्लीपर्यंत वाळूच वाळू. अर्ध्या वाटेवर वाटलं, काकी एकट्या असतील, जेवायच्या थांबल्या असतील. पाय आपोआप वळले. मागे कुणी आलं नव्हतं. कुणी अडवलं नाही. मीच परत आले.

काकी दारात होत्या. पान वाढून ठेवलेलं होतं.

२५ नोव्हेंबर

रुक्मिणीकडे गेले. तिला सांगायचं होतं की माका भीती वाटते, तू माझ्याबरोबर चल.

वरची ओळ वाचली. ‘माका’ लिहिलंय. मी.

रुक्मिणीने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, तू आता आमच्यात येऊ नको. तिची धाकटी फटीतून बघत होती. पोरगी आईला विचारत होती, ही ती बुडालेली ना?

नर्सबाईची पिशवी कुठे ठेवली ते आठवत नाही.

२९ नोव्हेंबर

आज डॉक्टरसाहेब आले. मालवणहून, तपासणीला. महिनाभर माझा काही कागद पोचला नाही म्हणून.

मी अंगणात मासे साफ करत होते. जांभळं लुगडं, अबोली. ते समोर येऊन उभे राहिले आणि मला विचारलं, नर्सबाई कुठे आहेत? माझ्याकडे बघून. मुंबईला शिक्षण झालेला, मुलाखतीत माझ्याशी बोललेला माणूस. मला वाटलं आता ओरडावं, साहेब, मीच.

“बाई गेली,” मी म्हटलं. “खंय गेली ठावक नाय.”

माझ्याच तोंडून. कोयतीवरचा हातसुद्धा थांबला नाही. काकींनी त्यांना शहाळं दिलं. ते चौकशी करून, कपाटाला कुलूप लावून गेले. मी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. हाक गळ्यापर्यंत येत होती आणि तिथे पाणी

१ डिसेंबर

माझं नाव विमला. विमला दत्तात्रय जाधव. कऱ्हाड. आई सातव्या बाळंतपणात — मी चुलीशी — पाणी

रोज सकाळी हे लिहायचं. विसरायचं नाही.

आज भिकाजीकाका खोल समुद्रातून परत येणार. त्यांच्याशी बोलणार आहे. ते मला माझ्या नावाने हाक मारतील, मग सगळं नीट होईल. तेवढं एकदा ऐकलं की मी रांगतसुद्धा तारकर्ली गाठेन.

संध्याकाळी

होडी लागली. ते उतरले. दमलेले होते, म्हातारे दिसत होते. मी पुढे गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रडायला लागले. एवढा मोठा माणूस.

“सुगंधा,” म्हणाले. “पाणी दी गो बाये.”

दिलं.

३ डिसेंबर

विमला. कऱ्हाड. पुढे काय ते

आवशीन केस विंचरले. बरा वाटता. हंय कोण एकटा नाय —

४ डिसेंबर

हात आठवता. बारको हात. गार. माझ्या मनगटाक धरून —

नको.

५ डिसेंबर

आज आवशीन विचारल्यान. रागान नाय. माझो हात हातात घेवन, मायेन.

तू इलंस, बरा झाला. पण बाळा तुझ्या वांगडा, तुझ्याच होडीत होतो. तेका खंय ठेवन इलंस?

मी विमला, असा सांगूचा होता. तोंडात इला नाय.

बापूस होडी काढता. आवशीन बाळाचो सदरो धुवन, घडी करून काखेत घेतल्यान. माझी वाट बघतत दोघांय. ऊन पडला आसा, पाणी नितळ आसा.

तो खंय आसा माका ठावक आसा. संगमाच्या पलीकडे, भोगव्याच्या अंगाक, खडकाखाली. एकटो आसा. इतक्या वर्सां एकटो. होडी कलांडली तेव्हा तेचो हात माझ्या हातात होतो. मीया बुडत होतंय, तो ओढी होतो, आणि मीया —

आवस हाक मारता.

येतंय गो. एवढा लिवन येतंय. तेचो हात मीया