वेगळे वाळवलेले कपडे

आई, आमच्या घरी कपडे वाळवायचं यंत्र आलं आहे. तुला सांगितलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. इंदापूर, बारामतीला ऊन काय कमी पडलं होतं का? पण आम्ही राहतो साखर कारखान्याजवळच्या इमारतीत, आणि गाळप सुरू झालं की चिमणीची काळी राख दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसते. झटकली की पसरते, धुतली की पुन्हा बसते. ह्यांचे शर्ट दोन-दोनदा धुऊन मी मेटाकुटीला आले, तेव्हा हेच म्हणाले, "जाऊ दी, आणू मशीन. तुझं हात तरी वाचत्याल." असा तुझा जावई आहे, आणि त्याच्यापुढं तू कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाहीस.

यंत्रावर अक्षरं कमी आणि चित्रं फार. कपड्याच्या आतल्या पट्टीवर चौकोन असतो, चौकोनात गोल. तो असला की कपडा यंत्रात चालतो, त्यावर फुली असली की चालत नाही. गोलात एक ठिपका म्हणजे बेतानं गरम, दोन म्हणजे नेहमीसारखं. यंत्राच्या बटणापाशी इस्त्री काढली आहे, म्हणजे इस्त्रीपुरती ओल ठेवायची, आणि कपाट काढलं आहे, म्हणजे घडी घालून थेट कपाटात. माझ्या लेकीनं एका दुपारी बसून मला हे सगळं शिकवलं. तुला वाचता येत नव्हतं, पण ही चित्रं तुला माझ्याआधी कळली असती. फुली तर पहिली कळली असती. जन्मभर तू तेच केलंस, ह्यावर फुली, त्यावर फुली, आणि का ते कधी सांगितलं नाहीस.

निमगावचं आपलं अंगण. मी आठवीत आहे आणि तू मिरच्या पसरते आहेस. मागच्या दोरीवर जागा नाही म्हणून मी माझा परकर पुढच्या दोरीवर टाकला आहे. आप्पा सायकल घेऊन दोरीखालून वाकून जातात आणि परकराची कड त्यांच्या टोपीला लागते. त्यांना ते कळतही नाही. ते गेले तशी तू उठलीस आणि मिरचीच्या हातानंच माझ्या थोबाडीत दिलीस. "बापाच्या डोक्यावर परकर वाळवतीस? लाज हाय का न्हाय तुला?" गाल संध्याकाळपर्यंत चरचरत होता. पण त्या थपडेचा मला राग नाही. तेव्हा सगळ्यांच्याच आया मारायच्या. राग आहे तो पुढच्याचा.

त्या दिवसापासून माझे आतले कपडे आणि महिन्याची फडकी गोठ्याच्या मागं गेली, भिंत आणि कडब्याच्या गंजीमधल्या बोळात, वर गोणपाट टाकून. तिथं ऊन पोचायचं नाही. सकाळी हात लावला की गार, ओलसर, कुबट. तू म्हणायचीस, "घाल, अंगावर वाळतंय." माझ्या जांघा सोलवटून निघाल्या. शाळेला मी पाय फाकवून चालायची आणि मागून पोरी हसायच्या. तुला सांगितलं तर तू वाटीत खोबरेल दिलंस आणि दार लोटून म्हणालीस, "कुणाला बोलू नगंस." आई, इंदापूरला दवाखाने होते, एसटी दारावरून जायची. म्हशीच्या सडाला चीर पडली तेव्हा डॉक्टरला आणायला आप्पांना तू जेवणावरून उठवलं होतंस. मिरच्यांना ऊन होतं, कुरडयांना ऊन होतं, गोवऱ्यांनासुद्धा होतं. माझ्या फडक्यांना तेवढं नव्हतं. मला आजही ह्याचा संताप येतो, आणि तू मेलीस म्हणून तो आवरावा असं मला वाटत नाही.

आता का लिहिते आहे ते सांगते. लेक अकरावीला आहे. गेल्या महिन्यात ती जिना उतरत होती आणि मी मागून बघत होते. ते चालणं मी ओळखलं. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं." पुन्हा विचारलं तेव्हा रडायला लागली. तिला मी त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि विचारलं, ओलसर कपडे घालतेस का? पोर म्हणाली, छे, आमच्याकडे मशीन आहे. पण घरी आल्या आल्या तिनं यंत्राचं पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"आई, हे बघ. अगदी थोडेसेच कपडे टाकले तर मशीनला ओल नीट कळत नाही, ते आधीच थांबतं. जरा भरून लावायला सांगितलंय. तू आपल्या दोघींचे वेगळे का लावतेस?"

वेगळेच लावत होते मी. आधी ह्यांचे शर्ट, चादरी, टॉवेल. मग आमच्या दोघींचे आतले चार कपडे, एवढ्या मोठ्या ड्रममध्ये, कपाटाच्या चित्रावर. यंत्र लगेच वाजायचं, कपडे गरम लागायचे, आणि गरम कपड्याची ओल हाताला कळत नाही. तशीच घडी घालून मी ते तिच्या कप्प्यात ठेवत होते. "कुणाला बोलू नगंस" हे मी तिला कधीही म्हणाले नव्हते. तरी ती महिनाभर बोलली नव्हती.

"बाबांच्या शर्टाबरोबर नको म्हणून," मी म्हणाले.

"बाबांना काय होतं त्यानं?"

ह्याचं उत्तर तू मला कधी दिलं असतंस तर मी तिला ते सांगितलं असतं, किंवा त्या उत्तराशी भांडले तरी असते. तू नुसती थोबाडीत दिलीस. ती फुली मी माझ्या घरात आणली आणि माझ्याच पोरीच्या कातडीवर काढली, आणि हे मी तुला कधी माफ करीन असं वाटत नाही. मला स्वतःलाही लवकर करीन असं दिसत नाही, पण ते माझं मी बघीन.

दुसऱ्या दिवशी मी सगळं एकत्र टाकलं. शर्ट, परकर, टॉवेल, तिचं, माझं, दोन ठिपके, कपाटाचं चित्र. यंत्र थांबलं तेव्हा मी भाकरी करत होते, म्हणून ह्यांनीच दार उघडलं आणि कॉटवर ढीग केला. आतून आवाज आला, "तुमच्या दोघींचं ह्या बाजूला ठेवलंय. चांगलं खडखडीत वाळलंय." एवढंच. आभाळ कोसळलं नाही, ह्यांच्या शर्टालाही काही झालं नाही. मी तव्यावरची भाकरी करपू दिली आणि उभ्या उभ्या रडले. एवढ्याशासाठी, आई? एवढ्याशासाठी माझी ती सगळी वर्षं ओली ठेवलीस?

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. पण तू जिवंत असतीस, तरीही मी ते टपालात टाकलं नसतं. सासरहून मी लिहिलेली पत्रं दादा तुला ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचा. आणि ह्यातली एक ओळसुद्धा माझ्या भावाच्या नजरेला पडावी, हे मला अजून चालणार नाही.