आई का आली नाही

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१४ जून २०२५

चि. इला हिस अनेक आशीर्वाद.

दर शनिवारी फोनवर बोलतो, तरी बाबा पत्र का लिहितायत, असं तुला वाटेल. तब्येत बरी आहे. बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतो. शेजारच्या पद्मजाकाकू नको म्हटलं तरी रविवारी डबा आणून देतात. परसात मेथी चांगली आली होती, अर्धी सशांनी खाल्ली.

काल आईचं कपाट आवरलं. ती जाऊन पाच महिने झाले, पण हात लागत नव्हता. खालच्या खणात तिचं पोर्तुगालचं रेसिडेन्सी कार्ड सापडलं.

ती कल्पना माझी होती. तू व्हिएन्नात स्थायिक झालीस आणि आपल्या भारतीय पासपोर्टवर दर खेपेला व्हिसाचा अर्ज करावा लागायचा. हे कार्ड असलं की युरोपात फिरायला व्हिसा लागत नाही, मनात येईल तेव्हा मुलीकडे जाता येईल, असं मीच आईला पटवलं. अट एवढीच, की वर्षातले बरेचसे महिने पोर्तुगालातच काढायचे. माझी नोकरी इथे, म्हणून तिथे पोर्तो शहरात ती एकटीच राहिली. भाषा येत नव्हती. भाजीवालीशी बोटांनी बोलायची.

तुला सातवा महिना होता तेव्हा तिच्या कार्डाची मुदत संपली आणि नवं यायला उशीर झाला. ते हातात येईपर्यंत देशाबाहेर पडू नका, असं वकिलाने लिहिलं होतं. त्याच आठवड्यात तुला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. सकाळी तू आईला फोन करून 'ये' म्हणालीस. संध्याकाळी तिने 'जमणार नाही' म्हणून सांगितलं. 'कार्डासाठी?' असं तू विचारलंस, तेव्हा तिने फोन ठेवून दिला. बाळ गेलं, आणि तू तिच्याशी बोलणं सोडलंस.

त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय झालं, ते तुला ठाऊक नाही. आई निघाली होती, इला. एअरपोर्टवरून तिने मला फोन केला.

"अहो, मी इलाकडे चाललेय."

"आणि पकडलं तर? सगळं फुकट जाईल. पुन्हा आत घेणार नाहीत."

"युरोपातल्या युरोपात पासपोर्ट कोण बघतंय? लोक शेजारच्या गावाला जावं तसे जातात."

"नीला, परत फिर. आठ-दहा दिवसांत कार्ड येईल, मग जा."

मग म्हणाली, "तिला काय सांगू?"

मी म्हणालो, ते नंतर बघू. ती परत फिरली. कार्ड महिन्याने आलं. ते घेऊन ती कुठेच गेली नाही, इथे निघून आली.

वीस वर्षं मी व्हिसाच्या धाकात काढली. परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकेल म्हणून माझ्या वडिलांच्या, नानांच्या अंत्यविधीलाही भारतात गेलो नाही. कागदाला भिणं अंगात मुरलं होतं. पण हे कारण पुरत नाही, मला कळतं.

एकदा मी तिला विचारलं, "इलाला खरं सांगू का?"

ती म्हणाली, "नको. तिची आई तर गेलीच. बाप तरी राहू दे."

मी ते ऐकलं, कारण मला ते सोयीचं होतं. जानेवारीत तू आलीस, फ्युनरल होममध्ये शेवटच्या रांगेत उभी राहिलीस, माझा हात धरलास. तेव्हाही बोललो नाही. दुःखाने वाचा बसली असं तुला वाटलं असेल. मी घाबरलो होतो.

यापुढे शनिवारी तुझा फोन आला नाही, तर मी समजेन. फक्त आईवरचा राग सोड. तो माझ्या वाट्याचा होता, तिने घेतला.

तिला परत फिरवणारा,
तुझा बाबा