नाशिकच्या न्हाणीघरातलं तांबं

अल दुहैल, दोहा. ऑक्टोबर २०२१, संध्याकाळ

नाशिकच्या घरातला गरम पाण्याचा तांब्याचा पाइप गळतोय. बदलायचाच आहे. जेवताना मी म्हटलं, परत तांब्याचाच टाकू. पहाटे गरम पाणी सुटून तो टकटक वाजला की ही उठली, आता चहा येणार, हे मला अंथरुणातच कळायचं. बायको गेली, पाइप तेवढा राहिला होता.

संदीप म्हणाला, "बाबा, प्लास्टिकच बरं. भाडेकरूंना काय फरक पडतो?"

भाडेकरू? वर्ल्ड कपची कामं संपली, याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, की मी नाशिकला जाणार, असंच ना ठरलेलं? मग हे कधी ठरलं? मला कुणी विचारलं?

सूनबाई वाढता वाढता थांबली. नात म्हणाली, "आजोबा, व्हाय कॉपर?" तिला काय सांगू? पाण्याच्या आवाजावरून शाळेतली झऱ्याची कविता ओठांवर आली, पण शेवटचं कडवं आठवेना.

शेवटी म्हटलं, "घरभर प्लास्टिक टाक. माझ्या न्हाणीघरापुरतं तांबं."

संदीप ताटाकडेच बघत राहिला. "इन्शाल्ला, बाबा. बघू."

इथे सगळे पाइप प्लास्टिकचे. पहाटे जागा असतो मी, पण घरात कोण उठलं, काही कळत नाही.